काळ्या टेपचा ग्लास

चहाच्या सुट्टीत सुपरवायझरनं माझं नाव घेऊन हाक मारली आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "तुला खालून पांढरं जातं काय गं?"

माझ्या हातात चहा होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं.

"तपासणीत तुझं निघालंय," तो म्हणाला. "पिशवीच्या तोंडाला डाग हाय. मेसेज आलाय मला." त्यानं मोबाइल वर धरून दाखवला, सगळ्यांना दिसेल असा. "उद्यापासून भरणीवर बसायचं नाय. खायचा माल हाय हा."

माझ्यापेक्षा लहान होता वयानं. मी त्याला साहेब म्हणायचे.

लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकली. माझी कुठं सरकली नाही. फरशी होती तिथंच होती, मिरचीच्या पाण्यानं ओली. मी चहा संपवला, कप धुतला आणि परत जाऊन बाटल्या भरायला बसले. शिफ्ट संपेपर्यंत हात चालू होते. संध्याकाळी टेम्पोत बसल्यावर कळलं की आपण कुणाशी बोललोच नाही, आणि आपल्याशीही कुणी बोललेलं नाही.

माझ्या पिशवीची खबर त्याच्या खिशात कशी गेली, ते सांगते.

कंपनी चितेगावला. सॉस, लोणचं, चटण्या. आम्ही बायका ठेकेदाराकडून लागलेल्या. सकाळी आत जाताना फोन गेटवर पेटीत टाकायचा आणि सुटताना घ्यायचा, असा नियम. गणपतीच्या आधी मालकाच्या बायकोनं कंपनीत तपासणी शिबिर ठेवलं. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. माल ठेवायच्या खोलीतली पोती हलवली, टेबल टाकलं, मध्ये दोरीवर बेडशीट लावली. दारात एक मुलगी नावं घेत होती. तिनं फोन नंबर विचारला आणि आमची गाडी अडली. निम्म्या बायकांना स्वतःचा नंबर पाठ नाही. काहींच्या घरात फोनच एक, तोही नवऱ्याकडं. फोन सगळे पेटीत, बघायचं कुठं? सुपरवायझर पुढं आला. "सगळ्यांना माझाच टाका," म्हणाला. "काम लवकर होईल."

काम लवकर झालं. आम्हालाही बरंच वाटलं. असा निरोप आला तर तो वाचणार कोण, हे एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी तर दहावी शिकलेली.

आत डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "पाय वर घे. अजून. लाजतेस काय, चार पोरं काढली असशील." मला एकच मुलगी आहे. मी सांगितलं नाही. गार लोखंड आत गेलं आणि पाठोपाठ सिरक्याचा वास आला. आमच्या पिंपांत असतो तोच. ज्या वासात मी दिवसभर बसायचे, तो आता माझ्या आतून येत होता. तपासताना सिरक्याचं पाणी लावतात आणि त्यानं खराब जागा पांढरी होते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटलं की कामाचा वास अंगात इतका मुरला की काय.

मग बाई मागं वळून म्हणाल्या, "इकडं या गं. चांगलं दिसतंय बघा."

शिकाऊ मुली आल्या. तोंडाला मास्क. एकीनं बॅटरी धरली. एकजण म्हणाली, "मॅम, फोटो घेऊ?" बाई म्हणाल्या, "घे." मी वर पंख्याकडं बघत होते. त्याची एक वायर सुटून लोंबत होती. मुली वाकून बघत होत्या, एकमेकींना जागा करून देत होत्या, आणि मी म्हणजे एक दरवाजा होते, ज्यातून त्या आत डोकावत होत्या. मला कुणी विचारलं नाही. मला विचारायचं असतं, हे मलाही माहीत नव्हतं.

उठताना मी विचारलं, "काय निघालं डॉक्टरीणबाई?"

"कळवतील. पुढची पाठव."

तर असं कळवलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मला मागं पत्र्याच्या शेडमध्ये क्रेट धुवायला लावलं. दुपारी मॅडम तिथं आल्या. शेडच्या बाहेरच उभ्या राहिल्या, उन्हात. चिडून बोलल्या नाहीत, गोडच बोलल्या. "घाबरायचं नाही हं. लवकर सापडलंय. तुमच्या वस्त्यांमध्ये स्वच्छतेची सवय नसते ना, त्यातून होतं हे. आणि आपला खाण्याचा धंदा. तू समजू शकतेस." मी मान हलवली. मला मान हलवायची सवय आहे.

त्याच आठवड्यात ग्लास आला. पाण्याच्या फिल्टरजवळ स्टीलचे ग्लास पालथे असायचे, सगळ्यांचे. सुपरवायझरनं त्यातला एक उचलला, इलेक्ट्रिशियनकडून काळी टेप आणली आणि ग्लासाच्या गळ्याला गुंडाळली. नीट गुंडाळली, सुरकुती पडू न देता. "हा तुझा," म्हणाला. "ओळखू यावा म्हणून. इन्फेक्शन व्हायला नको कुणाला." मग तो ग्लास फिल्टरजवळ ठेवला नाही. शेडमध्ये खिळ्याला अडकवायची दोरीसुद्धा त्यानंच बांधून दिली.

माझी माय गावात पाटलाच्या शेतात खुरपायला जायची. तहान लागली की विहिरीपासून लांब बसायची आणि ओंजळ धरायची. वरून कुणीतरी पाणी ओतायचं. मी तिच्या शेजारी बसून तशीच ओंजळ धरलेली आहे. शहरात आल्यावर मला वाटलं होतं की ते गावात राहिलं. इथं तर सगळ्यांचा एकच फिल्टर. आता तेच इन्फेक्शन नाव घेऊन आलं होतं, आणि त्या नावापुढं मला बोलता येत नव्हतं. जात म्हणाले असते तर मी भांडले असते. तेवढं आम्हाला शिकवलेलं आहे.

माय कशानं गेली तेही सांगते. पाळी बंद झाल्यावर तिच्या अंगावरून जायला लागलं. उष्णता म्हणायचे सगळे. सब्जा भिजवून प्यायची. गोधडीच्या चिंध्या मी ओढ्यावर नेऊन धुवायचे, शाळेतून आल्यावर. शेवटी शेवटी वास यायचा. तिच्या आत कुणी कधी बघितलंच नाही. माझ्या आत बघितलं, आणि बघून मला बाहेर काढलं.

रुक्मिणबाई माझ्या शेजारी भरणीवर बसायची. चितेगावचीच, शेतकऱ्याघरची, माझ्याहून मोठी. कंपनीत कसली जात गं, असं तिनंच पहिल्या दिवशी म्हणून माझ्या डब्यात हात घातला होता. तिचं पिठलं, माझी बोंबलाची चटणी. तिला ती चटणी फार आवडायची, घरी माळकरी सासू म्हणून कंपनीतच खायची. टेप लागल्यापासून मी डबा उघडला की ती म्हणायची, "मला उपास हाय आज." दुसऱ्या दिवशीही उपास. एवढे उपास त्या बाईनं जन्मात केले नसतील. मला राग यायला हवा होता. नाही आला. मी शेडमध्येच जेवायला लागले.

मेसेजमध्ये दवाखान्यात जा असंही लिहिलं होतं म्हणे. सुपरवायझरनं ते जाता जाता सांगितलं. मी गेले नाही. सकाळी उठायचं, टेम्पो, क्रेट, टेम्पो, झोप. दवाखान्यात जायचं म्हणजे परत पाय वर घ्यायचे आणि परत मुली बोलावणार. घरी आम्ही दोघीच, मी आणि नववीतली मुलगी. नवरा गेल्याला वर्षं झाली. पुंडलिकनगरच्या बिल्डिंगांच्या मागं आमच्या पत्र्याच्या खोल्या. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. विहारात तीन महिने ग्रंथ वाचतात आणि शेवटच्या दिवशी खीर असते. आमच्या गल्लीतल्या बायका मिळून करतात. मोठ्या पातेल्यात कालथा फिरवायला मी दरवर्षी पुढं असायचे, कारण माझी खीर लागत नाही बुडाला. त्या दिवशी मी हात दुखतो म्हणाले आणि लांब पायरीवर बसले. मला कुणी उठ म्हटलं नव्हतं, कुणाला माहीतही नव्हतं. मीच बसले.

मुलगी वाटीतून खीर घेऊन आली. अर्धी तिनं खाल्ली आणि तोच चमचा भरून माझ्या तोंडापाशी आणला. मी खाल्ली. मग तिनं तो चमचा परत स्वतःच्या तोंडात घालायला नेला, आणि मी तो हिसकून घेतला. चमचा पायरीवरून खाली गेला. खीर तिच्या पांढऱ्या ड्रेसवर.

"काय झालं मम्मी?"

मी म्हणाले, "माझं उष्टं खाऊ नको."

"का?"

मला खरंच माहीत नव्हतं. इतके दिवस मी त्या ग्लासातनं पाणी पीत होते आणि एकदाही कुणाला विचारलं नव्हतं की हे असं लागतं का. एका सुपरवायझरचं ऐकून मी माझ्या पोरीच्या हातातला चमचा पाडला होता, तोही विहाराच्या पायरीवर. मला माझी लाज वाटली. ही लाज मात्र अगदी स्वच्छ होती, दुसऱ्या कुणी लावलेली नव्हती.

शुक्रवारी आमची सुट्टी. मी सरकारी दवाखान्यात गेले. रांग होती, बाक होतं, दुपार झाली. आतली डॉक्टर चिडकी होती. "एवढे दिवस कुठं होतात?" म्हणाली. मग पडदा ओढला. सगळ्या बाजूंनी ओढला, टोकाला चिमटा लावला. हातमोजे घातले आणि विचारलं, "तपासू का?"

मला कळेना काय म्हणायचं. ती थांबून राहिली. मी हो म्हटल्यावरच तिनं हात लावला.

परत तोच सिरक्याचा वास. तपासून झाल्यावर तिनं सरळ सांगितलं. "हा कॅन्सर नाही. कॅन्सरच्या आधीचा बदल आहे. असाच ठेवला तर पुढं जाऊ शकतो. आज जाळून टाकता येईल, लहान डाग आहे."

मी विचारलं, "हे ग्लासातनं लागतं का?"

"कुठल्या ग्लासातनं?"

मी तिला टेपचं सांगितलं. ती लिहीत होती, लिहायची थांबली. "नाही," म्हणाली. "भांड्यातनं नाही, हातातनं नाही, अन्नातनं नाही. घाणीनं होत नाही. संबंधातून येणारा विषाणू असतो. लग्न झालेल्या बहुतेक बायकांना कधी ना कधी होऊन जातो, बऱ्याच जणींचा आपोआप जातो. तुमचा राहिला." मग तिनं मुलीचं वय विचारलं आणि तिच्यासाठी लस असते त्याचं सांगितलं.

जाळताना पोटात कळ आली, पाळीत येते तशी. थोड्या वेळात झालं. वर्षानं परत दाखवा म्हणाली. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी इतके दिवस दोरीला अडकवलेल्या ग्लासातनं पाणी प्यायले.

बाहेर बाकावर बसले तेव्हा राग आला. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटत होतं. ज्यांच्याकडून हे बायकांच्या अंगात येतं, ते पुरुष कंपनीत दिवसभर फिरत होते. त्यातल्या एकाच्याही ग्लासाला कुणी टेप लावली नव्हती.

दिवाळीनंतर मॅडमनी दुसरं शिबिर ठेवलं. पहिल्या खेपेला राहिलेल्या बायकांसाठी. परत तीच खोली, तीच बेडशीट. पण बाया उठेनात. बेडशीटकडं बघायच्या आणि मग पत्र्याच्या शेडकडं. कुणाची पाळी चालू, कुणाला घाई. रुक्मिणबाई सगळ्यात मागं, पदर तोंडाला लावून. मॅडम अस्वस्थ झाल्या. त्यांच्या मंडळातल्या मैत्रिणी आल्या होत्या, फोटोवाला आला होता. त्यांनी मला शेडमधून बोलावून घेतलं.

"तू सांग गं यांना. तुझं ऐकतील त्या. आमच्यामुळेच कळलं ना तुला?"

ते खोटं नव्हतं. त्यांच्यामुळेच कळलं. हे मी आजही नाकारत नाही, आणि म्हणूनच ते जास्त सलतं.

मी शेडमध्ये गेले. दोरीचा ग्लास काढला. फिल्टरच्या तोटीखाली धरला. त्या तोटीला मी कितीतरी दिवसांनी हात लावत होते. भरलेला ग्लास नेऊन मॅडमच्या टेबलावर, फुलांच्या शेजारी ठेवला.

"आधी ह्यातलं पाणी प्या मॅडम. मग मी बोलते."

"हे काय आहे?"

"माझा ग्लास."

त्यांनी सुपरवायझरकडं बघितलं. "ही टेप कुणी लावली? काढ ती आधी." तो पुढं आला. मी ग्लासावर हात ठेवला.

"टेप राहू द्या. तसंच प्या."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मॅडमच्या कपाळावर घाम आला होता. त्या म्हणाल्या, "मला आत्ता तहान नाहीये."

मग मी प्यायले. सगळं पाणी संपवलं, सावकाश. आणि बायकांकडं वळून म्हणाले, "हे भांड्यातनं लागत नाय. हातातनं लागत नाय. तपासून घ्या, माझं वेळेवर निघालं म्हणून जाळता आलं. पण इथं नका तपासू. सरकारी दवाखान्यात चला. शुक्रवारी मी येते संगं. नंबर आपापला द्यायचा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकदोघींनी मान वर केली, तेवढंच.

"उद्यापासून येऊ नको," सुपरवायझर म्हणाला.

"बरं."

"ग्लास ठेव तिथं. कंपनीचा हाय."

"तुम्ही टेप लावली तव्हाच माझा झाला," मी म्हणाले आणि ग्लास पिशवीत टाकला.

काम गेलं. पुंडलिकनगरात पोळ्यांची कामं धरली. पहिला शुक्रवार आला, मी दवाखान्याच्या दारात उभी राहिले, कुणी आलं नाही. दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी रुक्मिणबाई आमच्या गल्लीत आली, विचारत विचारत. उंबऱ्यावर बसली. पोरीनं पाणी दिलं, ते प्यायली.

मग म्हणाली, "माझ्या अंगावरून जातंय. पाळी जाऊन लई दिस झाले, तरी जातंय."

"कधीपासून?"

"पैल्या शिबिराच्या आधीपासून. तव्हा मी संडासात जाऊन बसले व्हते. वाटलं, बघू तुमचं काय व्हतं ते, मग जाऊ." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग तुझा ग्लास बघितला."

मी पोरीला आत पाठवलं.

"माझ्यापण ग्लासाला लावत्याल म्हणलं. घरात कळलं तर जावा चुलीपाशी येऊ देयाच्या नाहीत. पोरी, मी तुझ्या संगं जेवले नाय. मला वाटलं तुझ्यापाशी बसले तर मला बघून वळखत्याल."

तिच्या उपासांचा अर्थ असा होता. तिला माझी किळस नव्हती, भीती होती. पण खरं सांगते, ते कळूनही मला हलकं वाटलं नाही. ती पहिल्या शिबिराच्या दिवशी उठली असती तर? निदान दुसऱ्या दिवशी?

शुक्रवारी मी तिला घेऊन गेले. त्याच डॉक्टरनं तपासलं. या वेळी तिचा चेहरा वेगळा झाला. तुकडा काढून तपासायला पाठवला. नंबर विचारला तेव्हा रुक्मिणबाई घाबरली. फोन पोराकडं असतो. "तुझा दे," म्हणाली. मी दिला.

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "रुक्मिणबाईंच्या रिपोर्टबद्दल बोलायचं होतं," पलीकडून बाई म्हणाली.

"मला सांगू नका," मी म्हणाले. "मी त्यांना भेटून फोन लावून देते. त्यांनाच सांगा."

कणीक तशीच झाकून ठेवली. चितेगावला जाणारी रिक्षा धरली. तिला घराबाहेर बोलावलं, रस्त्याच्या कडेला नेलं, फोन लावला आणि तिच्या हातात दिला. मग मी लांब जाऊन उभी राहिले, ऐकू येणार नाही इतकी लांब. ती नुसतं व्हय, व्हय म्हणत असावी, ओठ तेवढेच हलत होते.

तिनं फोन परत दिला. "पुढं गेलंय म्हणत्यात." मग विचारलं, "मी आधी आले असते तर?"

तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आता तिचा शेक चालू आहे, कॅन्सरला मशीनवर देतात तो. सोबत मीच जाते. तिचं काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मॅडमचे फोटो त्यांच्या मंडळानं मोबाइलवर फिरवले, पहिल्या शिबिराचे. त्यात मीही आहे, मागं रांगेत.

ग्लास आमच्या मांडणीवर आहे. मुलगी म्हणते, टेप काढून टाक, आपण वापरू. वापरतोच आम्ही, दोघीही. टेप मी काढणार नाही. रुक्मिणबाईचे ते महिने त्या टेपनं खाल्ले, आणि मी ते कुणालाही माफ करणार नाही. मॅडमना नाही, त्या सुपरवायझर पोराला नाही, त्या दिवशी मान हलवणाऱ्या मलाही नाही.

शुक्रवारी आता बाया येतात. कधी दोघी, कधी एकच. भरणीवरच्या, आमच्या वस्तीतल्या, कधी एखादी शेतातून थेट. मी प्रत्येकीला दारातच थांबवते. आधी तुझा नंबर म्हणून दाखव. पाठ नसेल तर इथं बसून पाठ कर, मग आत जा. पडदा ओढून घ्यायला सांग. काय निघालं ते तिथंच विचार, आणि कळेपर्यंत उठू नको. न विचारता कुणी हात लावला, दुसऱ्याला बघायला बोलावलं, तर टेबलावर उठून बस आणि मला हाक मार.

मी दारातच उभी आहे.